वांग, एक ट्यूब आणि महिन्याचे तीनशे रुपये

कराडच्या मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींच्या चेहऱ्यावरच्या वांगाची, म्हणजे काळपट डागांची, ही केस. वय ५७, पाळी जाऊन सात वर्षं झालेली, सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत उघड्यावर बसणं. मी फार्मासिस्ट आहे. मंडईजवळच्या एका औषधाच्या दुकानात गेली १९ वर्षं काउंटरमागे उभी असते. मी डॉक्टर नाही. त्यामुळे निदान आणि औषधं डॉक्टरांची. रोजची निगा, पैशाचा हिशेब आणि मूळ चूक माझ्या बाजूची. मावशींना विचारूनच लिहिते आहे. नाव तेवढं नको म्हणाल्या.

चूक आधी सांगते. ज्या ट्यूबने त्यांचा चेहरा बिघडला ती आमच्याच काउंटरवरून गेली होती. एकदा नव्हे, दीडेक वर्ष. त्या यायच्या, रिकामी ट्यूब दाखवायच्या, दुकानातला मुलगा नवी काढून द्यायचा. चिठ्ठी कधी कुणी मागितली नाही. दुकानाच्या परवान्यावर फार्मासिस्ट म्हणून नाव माझं आहे, तेव्हा मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही.

जानेवारी

जानेवारी २०२५ मधली सकाळ. मावशी पदर नाकापर्यंत ओढून आल्या. पदर बाजूला केला तेव्हा मला धस्स झालं. दोन्ही गाल लालबुंद, त्यावर बारीक पुटकुळ्या, नाकाच्या कडेने केसांएवढ्या बारीक लाल रेषा. हनुवटीवर लव वाढलेली. आणि या सगळ्याखाली मूळचा वांग जिथल्या तिथे, उलट आधीपेक्षा गडद.

"ताई, तोंडाची नुसती आग हुतीया. लावलं की थंड वाटतं, न्हाय लावलं की पेटतं."

हे वाक्य ऐकलं की स्टेरॉइडची, म्हणजे दाह आणि लाली दाबणाऱ्या औषधाची, शंका घ्यावी. मी ट्यूब हातात घेतली. मागची कड चपट करून गुंडाळत आणलेली, शेवटचा थेंब काढण्यासाठी. बाजूला लाल पट्टी आणि चौकटीत बारीक अक्षरात इशारा: नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावी. घटक तीन. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्का. पहिलं रंग फिका करतं, दुसरं कातडीचा वरचा थर लवकर बदलायला लावतं आणि तिसरं स्टेरॉइड. वांगावर हे मिश्रण डॉक्टर थोड्या आठवड्यांसाठी देतात, लक्ष ठेवून देतात, मग थांबवतात. मावशींनी ते रोज रात्री, सगळ्या तोंडाला, क्रीमसारखं लावलं होतं. कोणी सुचवलं? शेजारच्या गाळ्यावरच्या बाईंनी. त्यांना कोणी? ते कुणालाच आठवत नव्हतं.

पहिल्या तीन आठवड्यांत फरक दिसतो, हीच या ट्यूबची खरी अडचण. वांग फिका पडतो, तोंड तुकतुकीत दिसतं, चारचौघी विचारतात काय लावलंस. मग कातडी पातळ होत जाते, खालच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव येते, पुरळ उठतो. बंद करायला जावं तर आग होते, म्हणून परत लावावं लागतं. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यावर वर्षानुवर्षं आवाज उठवला आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मोमेटासोनसारख्या १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. कागदावर बंद केली. गावोगावच्या काउंटरवर काय चालतं ते मला घरचंच माहीत आहे.

वयाचाही यात मोठा वाटा होता. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांतच त्वचेतलं साधारण ३० टक्के कोलॅजन (कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन) कमी होतं, आणि पुढे दरवर्षी आणखी २ टक्क्यांच्या आसपास. तेलकटपणा घटतो, ओल धरून ठेवणारा वरचा थर कमकुवत होतो. म्हणजे पंचविशीच्या मुलीला जी ट्यूब वर्षभरात इजा करेल, ती पन्नाशीपुढच्या बाईला फार आधी करते. पातळ झालेल्या कापडालाच आपण घासणी लावत होतो.

ट्यूब बंद केल्यावर

त्याच आठवड्यात त्यांना साताऱ्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं. एसटीला बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवासाची सबब उरली नाही. खरी सबब बुडणाऱ्या दिवसाची होती. "एक दिस पाल बंद म्हंजी कोथमीर फुकट," त्या म्हणाल्या. शेवटी सून गाळ्यावर बसली.

डॉक्टरांनी ट्यूब बंद केली. एकदम तोडण्याऐवजी सौम्य स्टेरॉइड दोन आठवडे, आधी रोज, मग दिवसाआड, मग बंद. पुरळासाठी गोळ्या. कोरडेपणा आणि थकवा होता म्हणून थायरॉइड, साखर आणि हिमोग्लोबिन तपासलं. थायरॉइड आणि साखर ठीक, हिमोग्लोबिन कमी; लोहाच्या गोळ्या दवाखान्यातूनच मिळाल्या.

पुढचे सहा आठवडे वाईट गेले. मी त्यांना आधीच सांगितलं होतं की तोंड आधी बिघडेल आणि मग सुधारेल, पण सांगणं वेगळं आणि भोगणं वेगळं. फेब्रुवारीत एका सकाळी गाल सुजून डोळे बारीक झालेले. त्या ढसाढसा रडल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, "त्यापरीस आधीचंच बरं हुतं." मी त्यांना काउंटरच्या आत बसवलं, गार पाण्यात स्वच्छ सुती फडकं पिळून गालांवर ठेवलं, दहा मिनिटांनी वर नुसती पेट्रोलियम जेली. बाकी करण्यासारखं काहीच नव्हतं. अशा वेळी बाई परत ट्यूबकडे जाते ती या दहा मिनिटांच्या आगीसाठी जाते, गोरं दिसायला नव्हे. ती वेळ सांभाळायला कोणीतरी शेजारी हवं.

याच काळात घरच्यांनी एक घोळ घातला. हातात भाजीचा गाळा, म्हणून सुनेने मायेने लिंबू पिळून त्यात टोमॅटो कुस्करला आणि सासूच्या तोंडाला लावला. आग झालीच, वर मावशी तशाच उन्हात जाऊन बसल्या. लिंबाच्या रसाला ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि मागे तपकिरी डाग उरतो. कानाजवळ बोटभर लांबीचा, ओघळ आल्यासारखा असा डाग उठला, तो जायला चार महिने लागले. मुलतानी मातीबद्दलही तेच सांगेन: तेलकट, तरुण कातडीला ती चालेल, पन्नाशीपुढच्या कोरड्या कातडीतली उरलीसुरली ओल ती शोषून नेते. दुधाची साय बिचारी निरुपद्रवी आहे, लावून धुतली तर मऊपणा देते. स्वयंपाकघरातलं म्हणजे सौम्यच, हा समज तेवढा सोडायला हवा.

तीनशे रुपये कुठे घालायचे

मार्चमध्ये आम्ही हिशेबाला बसलो. भाजीच्याच वहीत, मागच्या पानावर. लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात त्यातले तीनशे "माझ्या तोंडाचे", असं त्यांनी घरात जाहीर केलं होतं. याआधी किती जायचे? ट्यूब महिन्याला साधारण १३० रुपयांची, गोरं करण्याचा दावा करणारा फेसवॉश शंभरचा, आणि दर दोन महिन्यांनी पार्लरमध्ये दोनशेचं ब्लीच. मिळून महिन्याला ३३०. म्हणजे पैसे अगदीच नव्हते असं नाही, ते सगळे नुकसान करण्यावर जात होते. हातात थोडा पैसा असलेल्या पुष्कळ बायकांचं मी हेच पाहते. पहिली बचत थांबवण्यात असते, विकत घेण्यात नंतर.

फेसवॉश बंद. तोंड सकाळी नुसत्या पाण्याने, संध्याकाळी धूळ असते म्हणून घरच्याच आंघोळीच्या साबणाचा हलका फेस. तो साबण मात्र बदलला. वेष्टनावर टीएफएम (साबणातल्या स्निग्ध पदार्थाचं प्रमाण) लिहिलेलं असतं, ते ७६ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पहिल्या प्रतीचा साबण. "बेदिंग बार" लिहिलेल्या वड्यांत ते ४० टक्क्यांपर्यंत खाली असू शकतं. फरक पाच-सात रुपयांचा असतो. साबण कुठलाही असो, तो अल्कधर्मी असतो आणि आपली त्वचा किंचित आम्ल, म्हणून साबण कमीत कमी वेळ. आणि बंबाचं कढत पाणी बंद, कोमट पुरे. यावर मावशींची सगळ्यात जास्त कुरकुर झाली. आठ तास मांडी घालून बसलेल्या बाईला कढत पाण्याचं सुख काय असतं ते मी समजू शकते. तडजोड अशी झाली की पाठ-कंबर कढत पाण्याने, तोंड आणि हात आधीच कोमट पाण्याने धुऊन घ्यायचे.

ओलाव्यासाठी दोन वस्तू. दिवसा पॅराफिनचं साधं पांढरं क्रीम, ज्यात व्हाइट सॉफ्ट पॅराफिन १३.२ टक्के आणि लाइट लिक्विड पॅराफिन १०.२ टक्के असतं. अनेक कंपन्या हेच प्रमाण विकतात. वास नाही, रंग नाही, जाहिरात नाही. घटक वाचून त्यातलं सगळ्यात स्वस्त घ्यायचं. मावशींना १०० ग्रॅम ११० रुपयांना पडलं, दीड महिना पुरलं. रात्री तोंड ओलसर असतानाच त्याच्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. जेली स्वतः ओल देत नाही, असलेली उडू देत नाही, म्हणून कोरड्या तोंडावर नुसती जेली चोपडून उपयोग नाही. ८० रुपयांची डबी तीन महिने.

खोबरेल का नाही, हा त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. घरात बरणी आहेच. अंगाला, हातापायांना खोबरेल उत्तम, आंघोळीनंतर ओल्या अंगावर तर फारच. पण तोंडावर पुरळ उठलेला असताना तेल नको, म्हणून सहा महिने तोंडापुरतं थांबवलं. टाचांच्या भेगांसाठी त्यांनी स्वतःच उपाय काढला: कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला दिलेल्या लेकीकडून कोकमतेलाचा गोळा. कोकणात त्याला मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात. गरम चमच्यावर वितळवून भेगेत सोडायचं, वर जुना मोजा. कुठल्याही महागड्या फूट क्रीमपेक्षा ते मला आवडतं, कारण थंड झाल्यावर ते घट्ट होतं आणि भेगेत बसून राहतं.

राहिलं ऊन. इथे मात्र पैसे आणि शास्त्र यांची खरी ओढाताण झाली.

पुस्तकी सल्ला असा की एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा) ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन तोंडाला दोन बोटांवर मावेल इतकं, आणि दर दोन तासांनी पुन्हा. दोन बोटं म्हणजे जेमतेम एक ग्रॅम. मावशींचं बसणं आठ तासांचं, म्हणजे दिवसाला चार ग्रॅम. ५० ग्रॅमची २४० रुपयांची ट्यूब बारा दिवसांत संपली. महिन्याला सहाशे रुपये. हा सल्ला कार्यालयात बसणाऱ्यांना परवडतो, ज्यांना त्याची गरज कमी आहे. दिवसभर उन्हात असणाऱ्या बाईला परवडत नाही. मला हे मनापासून खुपतं. थोडं थोडं लावून ट्यूब पुरवणं हा उपाय नाही, कारण पातळ थराला लिहिलेल्या आकड्याइतकं संरक्षण मिळतच नाही.

म्हणून सनस्क्रीन सकाळी एकदाच, पण पूर्ण मापात. बाकीचं काम सावलीवर सोडलं. एक रविवार मी त्यांच्या गाळ्यावर जाऊन बसले. पाल होतं, पण पांढरट, विरलेलं, आणि मावशी त्याच्या पुढच्या कडेला, गिऱ्हाइकाजवळ बसायच्या. सकाळचं ऊन थेट डाव्या गालावर. वांगही डावीकडे जास्त गडद, ते तेव्हा मला कळलं. आणखी एक गोष्ट: सावलीत बसूनही डोळ्यांपुढे मोठं आकाश दिसत असेल तर अतिनील किरण आकाशातून पसरून येतच राहतात. सावली खोल हवी. मग पाल बदललं, जाड गडद ताडपत्रीचा तुकडा घेतला, पूर्वेच्या बाजूला खाली गुडघ्यापर्यंत सोडला, आणि मावशींची बसायची पाटी दोन हात मागे सरकवली. तराजू पुढे, त्या मागे. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक तुटेल अशी भीती होती, पण तसं काही झालं नाही.

हातांसाठी मी कसले ग्लोव्ह्ज सुचवत होते. त्या म्हणाल्या, "मालकाचा जुना शर्ट हाय की." खुरपणीला जाताना आपल्याकडच्या बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात तो. घट्ट विणीचं, गडद कापड हे चांगलं आणि फुकटचं संरक्षण आहे, आणि ते दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. तोंडाला पदराऐवजी सुती स्कार्फ, कारण पदर सतत घसरतो आणि नायलॉनची साडी असेल तर आरपार दिसते.

वहीतली बेरीज अशी झाली: क्रीम ७३, जेली २७, सनस्क्रीन १४४. महिन्याला २४४.

उरलेले छप्पन्न

सप्टेंबरमध्ये गालांची लाली पुष्कळ उतरली होती. डॉक्टरांनी मग वांगासाठी अझेलाइक आम्लाचं १० टक्क्यांचं क्रीम दिलं, फक्त डागांवर, रात्री. १५ ग्रॅमची १६० रुपयांची ट्यूब तीन महिने गेली. महिन्याचे ५३. एकूण २९७.

इथे एक गोष्ट इतर वाचकांसाठी, कारण मावशींना ती लागू झाली नाही. सुरकुत्या आणि उन्हाने राठ झालेल्या कातडीवर ज्या औषधाचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे ते नुसतं ट्रेटिनॉइन, १९८० च्या दशकापासून अभ्यासलेलं. हजार-दीड हजारांच्या काचेच्या बाटलीतल्या सीरमपेक्षा ते कितीतरी स्वस्त आहे, वाटाण्याएवढं लागतं आणि आठवड्यातून दोन-तीन रात्रींपासून सुरू करतात. गरोदरपणात ते वापरत नाहीत. पाळी गेलेल्या बाईला तो प्रश्न नाही. पण तेही चिठ्ठीचंच औषध आहे, परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि सावलीची सोय नसेल तर सुरूच करू नये. डॉक्टरांना विचारताना "वयाच्या खुणांसाठी साधं ट्रेटिनॉइन चालेल का" असं स्पष्ट विचारा, आणि घेताना घटकांत दुसरं काही मिसळलेलं नाही ना ते बघा. मावशींच्या पातळ झालेल्या कातडीला डॉक्टर नको म्हणाले.

कोलॅजनच्या पुडीबद्दलही त्यांनी विचारलं होतं, टीव्हीवर पाहून. तेवढ्या पैशांत महिनाभराची डाळ आणि अंडी येतात, आणि हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईने तीच घ्यावीत असं माझं मत आहे.

गोरं करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या डबीतल्या क्रीमचा धोका मला ट्यूबपेक्षाही मोठा वाटतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात छडा लागला तेव्हा कारण निघालं चेहऱ्याच्या क्रीममधला पारा. पारा रंग झपाट्याने उजळतो आणि कातडीतून आत जातो. डबीवर बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच नसेल तर ती कितीही स्वस्त असो, हात लावू नये.

आज काय स्थिती आहे

दिवाळीनंतर मावशी दुकानात आल्या तेव्हा पदर खांद्यावर होता. आग पूर्ण थांबलेली, पुरळ गेलेला, लव विरळ झालेली. वांग आहे, पण कडा पुसट झाल्या आहेत. नाकाच्या कडेच्या लाल रेषा तशाच आहेत. त्या जाणार का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी जे सांगितलं तेच मी सांगितलं: लेसरने कमी होतात, त्याचा खर्च मोठा आहे, आणि आपोआप जाण्याची शक्यता कमी. त्यांनी मान हलवली आणि आरशात जरा वेळ पाहिलं.

आमच्या दुकानात आता स्टेरॉइडची मलमं माझ्या पाठीमागच्या कपाटात असतात, पुढच्या काउंटरवर नाहीत. चिठ्ठी नसेल तर मी स्वतः नाही म्हणते. रोज दोन-तीन बायका रागावून पुढच्या दुकानात जातात, तिथे त्यांना ती मिळतेही.

पावसाळ्यात मावशींची ताडपत्री एका कोपऱ्यात फाटली आहे आणि सकाळी नऊच्या सुमाराला त्या फटीतून ऊन पुन्हा डाव्या गालावर येतं. या महिन्यात सनस्क्रीनचे १४४ ताडपत्रीकडे वळवायचे असं आम्ही ठरवलं आहे. तोवर मालकाच्या दुसऱ्या शर्टाचा तुकडा तिथे पिनांनी अडकवला आहे.